तुमच्या गावच्या घराची चावी कुणाकडं असते? अनुभव लिहा

आमचं गाव पाटण तालुक्यातलं. आळीत अठरा घरं, त्यातल्या बारा घरांच्या चाव्या एकाच काकूंकडं. चुलीमागच्या फळीला खिळे मारलेत आणि प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाची चिंधी, कारण काकूंना वाचता येत नाही. गणपतीच्या तोंडावर फोन सुरू होतात, "काकू, जरा झाडून ठेवा, परवा येतोय". बाकी वर्षभर कुलूप. 2001 ते 2011 मध्ये राज्याची लोकसंख्या 16 टक्क्यांनी वाढली, सातारा जिल्ह्याची 7 टक्केसुद्धा नाही, आणि हजार पुरुषांमागं बायका राज्यात 929 तर आपल्याकडं 988. बाप्ये मुंबईला, बाया घर धरून, आकड्यातच दिसतंय. आता पोरांच्या शाळेपायी बायापण निघाल्यात. तुमच्याकडं काय चाललंय? सातारा, सांगली, सगळ्यांनी लिहा.

विट्याकडचा
आमच्याकडं गलाईवाले. सोन्या-चांदीच्या गलाईला, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या कामाला, पोरं तमिळनाडू, केरळ, पार कुठं कुठं पांगलीत, आणि पैसा आला की पहिला गावात बंगला. माझ्या भावानं पण बांधला, वर चार बेडरूम, आणि आई-आप्पा खालच्या एका खोलीत, कारण आप्पांना जिना चढवत नाही. वरच्या गाद्यांचं प्लॅस्टिक अजून निघालं नाही. मी भावाला म्हटलं, आधी खाली संडासात धरायला दांडा बसव. यंदा बसवला.

सांगलीची सून
आमचं उलटं झालं. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45. आमचं तळमजल्याचं घर पाण्यात होतं, नंतर भिंतीची ओल जाईना, शेवटी विकलं आणि तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, बजेटात बसला तो बिनलिफ्टचा. आता सासूबाई 78 च्या, गुडघे गेलेत, होळीपासून खाली उतरल्या नाहीत. सकाळी भाजीवाली हाक मारते, या गॅलरीतून दोरीला पिशवी सोडतात आणि मेथी कशी दिली, नातीचा ताप उतरला का, सगळं वरूनच ओरडून विचारतात. बाहेरच्या माणसाशी दिवसाचं बोलणं तेवढंच. त्या दहा मिनिटांसाठी त्या केस विंचरून तयार बसतात हो. बिल्डिंगमध्ये 14 फ्लॅट, सहांत नुसती म्हातारी माणसं, पोरं पुण्याला. मिटिंग लिफ्टवरून सुरू होते आणि पैशावर अडते. जुन्या बिल्डिंगला बाहेरून लिफ्ट कुणी बसवली असेल तर खरंच सांगा.

करंजे पेठ
मी नर्स, वय 31, लग्न नाही. साताऱ्यात खोली बघताना "फक्त फॅमिलीला" ऐकून कान किटले. शेवटी एका आजींनी वरची खोली दिली, त्यांची दोन्ही मुलं परदेशात. रात्री मी त्यांचं बीपी बघते, सकाळचा चहा त्या ठेवतात.

जावळी
वडील गिरणीत होते, परळला गावाच्या खोलीत राहायचे, पाळीप्रमाणं झोपायचं, एक उठला की दुसरा आडवा. 1982 च्या संपात गिरणी सुटली मग माथाडीत गेले. रिटायर झाल्यावर गावी घर असून साताऱ्यात शाहूपुरीला फ्लॅट घेतला, दवाखाना जवळ पाहिजे म्हणून. शेजारी निम्मे आमच्याच खोऱ्यातले, संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसतात.

धागाकर्ता
सगळं वाचतोय, लिहीत रहा. आमच्या काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, दिवाळीनंतर लेक ठाण्याला नेणार. बारा चाव्या कुणाकडं ठेवायच्या ते गावच्या ग्रुपवर चाललंय, अजून कुणी हो म्हटलेलं नाही.