मुंबईत रोज चालणाऱ्या गाडीवर आधी खर्च कशावर: रिमॅप की टायर-ब्रेक?

पाचवा_गिअर (धागाकर्ता)
टर्बो पेट्रोल गाडी घेतली की सहा महिन्यांत स्टेज वन रिमॅप (पार्ट न बदलता इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं), पाठोपाठ कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर), मग सायलेन्सर. ओळखीत जो तो याच क्रमाने जातोय. टायर मात्र कंपनीने दिलेले तेच, आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. हा क्रम उलटा आहे असं माझं ठाम मत आहे.

आपण गाडी चालवतो कुठे? सी लिंकवर आणि कोस्टल रोडवर मर्यादा ८०, कोस्टल रोडच्या बोगद्यात ६०. अटल सेतूवर १००. एक्स्प्रेसवेवर १०० आणि बोरघाटात ६०. आणि आता कॅमेरे आहेतच. फोक्सवॅगन व्हर्टसचं १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन जसं येतं तसंच ११५ पीएस देतं, १.५ वालं १५०. वर दिलेल्या एकाही रस्त्यावर ही ताकद पुरी वापरून होत नाही. ब्रेक मात्र सायन ते कुर्ला एवढ्यात किती वेळा दाबतो ते आठवून बघा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ वर येते. मुंबईच्या दमट हवेत दोन वर्षांनी ते बदलणं ही चैन नव्हे. टायरचंही तसंच. आपल्या गाड्या वर्षाला फार पळत नाहीत, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते, पण उन्हात उभं राहून रबर कडक झालेलं असतं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आज खाली जाऊन बघा. सहा-सात वर्षांचे टायर असतील तर रिमॅपचे पैसे तिकडे वळवा.

टॉर्कवेडा
वेगमर्यादा आणि ताकद यांची गल्लत होतेय. रिमॅप कोणी २०० ने पळायला करत नाही. तीन सिलिंडरचं एक लिटर टर्बो इंजिन १५०० आरपीएमच्या खाली सुस्त असतं. चार माणसं, डिकीत सामान, एसी चालू आणि खंडाळ्याचा चढ, अशा वेळी ट्रकच्या मागे अडकून पुन्हा उचल घ्यायची तर दोन गिअर खाली यावं लागतं. नीट केलेल्या स्टेज वनने मधल्या आरपीएमला वीस-पंचवीस टक्के जास्त टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळतो. तेही एकही पार्ट न बदलता.

मुंबई-गोवा महामार्गाच्या एकेरी पट्ट्यांवर ओव्हरटेक करताना समोरच्या लेनमध्ये मी जितके कमी सेकंद, तितका मी सुरक्षित. हा सुरक्षेचाच खर्च आहे. टायर-ब्रेक हवेत याबद्दल वाद नाही, पण ती देखभाल झाली. देखभाल केलीच पाहिजे. इथे प्रश्न अपग्रेडचा आहे.

पाचवा_गिअर
कमी सेकंद हे मान्य. पण जादा पिकअप मिळाला की माणूस आधी सोडून दिली असती अशी फटही घ्यायला जातो. शिवाय १०० ऐवजी १२० ने गेलात तर थांबवायची ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. वेग वाढला वीस टक्के, ब्रेकवरचं ओझं जवळपास दीडपट.

कुर्ल्याचा_मिस्त्री
माझं गॅरेज आहे, दोन्ही बाजूंची गिऱ्हाइकं येतात, म्हणून लिहितो.

रिमॅपचा पहिला प्रश्न इंजिनाचा नसतो, गिअरबॉक्सचा असतो. व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया यांच्या १.५ टीएसआय डीएसजीमध्ये (दोन क्लचवाल्या ऑटोमॅटिकमध्ये) डीक्यू२०० हा ड्राय क्लचवाला सात स्पीडचा बॉक्स आहे. त्याची टॉर्क झेपण्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर, आणि ते इंजिन कारखान्यातूनच २५० देतं. म्हणजे शिल्लक काही ठेवलेलीच नाही. त्यावर स्टेज वन चढवून घाटकोपर ते बीकेसी रोज रांगत जायचं, म्हणजे क्लच अर्धवट टेकलेला, त्याला तेलाचा गारवा नाही, आणि वर जादा टॉर्क. क्लच पॅकचं बिल हातात आल्यावर ट्यूनर फोन उचलत नाही.

१.० टीएसआयला जागा आहे. तो १७८ देतो, म्हणून मॅन्युअल असो की ऑटोमॅटिक, थोडी वाढ पचते. मॅन्युअलला पुढचा प्रश्न क्लच घसरण्याचा.

दुसरं, उष्णता. मे महिन्यात सिग्नलवर दहा मिनिटं उभं राहिल्यावर इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा रेडिएटर) तापतो, आत जाणारी हवा गरम होते, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटणं) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्वतःच ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि ताकद घटते. ट्यूनरने थंड हवेत, समोर पंखा लावून डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) दाखवलेला आकडा इथे मिळत नाही. आता ई२० पेट्रोलमुळे ऑक्टेन ९५ पर्यंत आलं, तेवढा दिलासा. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज घटतो, ते रिमॅपच्या नावावर खपवू नका.

आणि कोन फिल्टर. बॉनेटच्या आत उघडा बसवलेला कोन इंजिनाचीच गरम हवा ओढतो. आवाज येतो, ताकद जाते. काही जण त्याला उपाय म्हणून पाइप बंपरच्या खाली उतरवतात. पावसाळ्यात हिंदमाता नाहीतर अंधेरी सबवेला पाणी तुंबलं की तोच पाइप पाणी ओढतो. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन उतरवावं लागतं. कंपनीने एअर इनटेक वर ठेवला त्याला कारण आहे. मुंबईत राहायचं तर तो बॉक्स हलवू नका.

टॉर्कवेडा
डीक्यू२०० बद्दल तुमचा मुद्दा योग्य, म्हणूनच मॅन्युअलवाल्यांनाच मी रिमॅप सुचवतो. पण उष्णतेला उपाय आहे. मोठा इंटरकूलर आधी घाला, रिमॅप नंतर. मग सिग्नलवरून निघाल्यावर ताकद लवकर परत येते. चांगला ट्यूनर आपल्या गाडीचे लॉग घेऊन, आपल्याच हवेत, आपल्याच पेट्रोलवर फाइल बनवतो. दुसऱ्या देशातली तयार फाइल टाकणारा वेगळा. राग त्याच्यावर काढा.

वळणवाट
मी वर्षातून काही वेळा ट्रॅकवर जाते, बहुतेक चेन्नईला. मुंबईत ट्रॅक नाही, त्यामुळे ज्या गाडीने जायचं तीच तेराशे किलोमीटर चालवत न्यायची आणि तिनेच घरी यायचं. म्हणून ही चर्चा माझ्यासाठी फार जवळची आहे, आणि मला दोन्ही पक्षांशी भांडायचं आहे.

श्रीपेरुंबुदूरजवळचा मद्रासचा सर्किट ३.७ किलोमीटरचा आहे. तिथे स्टॉक (कंपनीतून आली तशी) हॅचबॅक घेऊन गेलात तर आधी इंजिन कमी पडत नाही. आधी ब्रेक पेडल मऊ होतं. सरळ पट्ट्यावर पूर्ण वेग, मग जोरात ब्रेक, हे दर फेरीला. पॅड गॅस सोडतात, ऑइल उकळतं, पाय फळीला टेकतो. त्यानंतर टायरची बाहेरची कड जाते, कारण स्टॉक गाडीत कँबर (चाकाचा आतल्या बाजूला कल) जवळजवळ नसतो. ताकदीचा नंबर त्याच्याही नंतर. नवख्याने ५० पीएस वाढवले तर तो सरळ पट्ट्यावर जिंकतो आणि वळणात काहीच शिकत नाही. हे मी मनापासून सांगते: पहिली दोन-तीन सत्रं स्टॉक इंजिनावर करा.

पण पाचवा_गिअर, तुमची बाजू घेणारे पुढे रोजच्या गाडीला ट्रॅकचे पॅड लावतात, तेही चूक. ते पॅड तापल्यावर चावतात. सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर थंड असताना ते कमी धरतात, किंचाळतात, डिस्क खातात. रोजच्या रस्त्याला चांगले रस्त्याचेच पॅड. ट्रॅकला जाताना दुसरा संच डिकीत टाकायचा आणि तिथे बदलायचा. सेमी-स्लिक (ट्रॅकसाठीच्या, जवळजवळ गुळगुळीत) टायरचंही तेच. त्यांत पाणी बाहेर काढायला खाचा पुरेशा नसतात, जुलैमध्ये ओल्या पेव्हर ब्लॉकवर ते घेऊन फिरणं हा दुसऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे.

सोळा_इंची
ब्रेकचं एवढं बोलताय तर मोठ्या डिस्कचा किट का नाही? रस्त्यावर लवकर थांबेल ना गाडी?

वळणवाट
एकदा थांबायला फरक पडत नाही. तुमचे स्टॉक ब्रेक एबीएस चालू करण्याइतके जोरात चाक धरत असतील, तर त्यापुढचं अंतर टायर ठरवतो. मोठी डिस्क उष्णता जास्त साठवते, म्हणून पुन्हा पुन्हा ब्रेक मारल्यावर ती टिकते. घाट आणि ट्रॅक सोडून तिचा उपयोग नाही. शहरात त्या पैशात चार उत्तम टायर येतात, आणि ओल्या रस्त्यावर तेच गाडी लवकर थांबवतात.

सोळा_इंची
मग रिम? मी १५ वरून १७ वर जायच्या विचारात आहे.

पाचवा_गिअर
हिशेब सांगतो. १८५/६५ आर १५ टायरची भिंत १२० मिलिमीटर. १९५/५५ आर १६ घेतला तर १०७, आणि बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, मिलिमीटरचाही फरक नाही. २०५/४५ आर १७ ला भिंत उरते ९२. खड्डा, उघडलेलं गटाराचं झाकण, अर्ध्यावर सोडलेला काँक्रिटचा काठ हे सगळं त्या भिंतीने झेलायचं. १६ वर थांबा, आणि रिम हलकी घ्या. जड १७ इंची रिमने पिकअपही जातो, ज्यासाठी इथे सगळे रिमॅप मागतायत.

सागरी_वारा
मी तुमच्या कोणाइतकी गाड्यांतली जाणकार नाही. कोस्टल रोडला लागून राहते. रात्री एक वाजता फ्री-फ्लो सायलेन्सरच्या गाड्या फटाके फोडत जातात, घरात आजारी सासरे दचकून उठतात. इतक्या पोस्टी झाल्या, सायलेन्सरने रोजच्या वापरात काय मिळतं ते एकानेही लिहिलेलं नाही. कोणी सांगेल का?

कुर्ल्याचा_मिस्त्री
ताई, स्टॉक टर्बोच्या गाडीत मागचा सायलेन्सर बदलून रस्त्यावर जाणवेल असं काहीही मिळत नाही. आवाज मिळतो. फरक पडतो तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढल्यावर, आणि ते काम मी करत नाही. त्या गाडीमागे उभा असलेला स्कूटरवाला तो धूर पितो.

टॉर्कवेडा
इथे मी ताईंच्या बाजूने. कॅट काढायचा नाही, फटाक्यांचा मॅप टाकायचा नाही. ताकद आजमावायची असेल तर ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या स्पर्धा झाल्या आहेत, तशा ठिकाणी जा.

कागदपत्र
मोटार विम्याच्या सर्व्हेचं काम करतो. तीन गोष्टी.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतले तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं: नियमबाह्य बदलाला मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

दुसरं, विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी तुमच्याविरुद्ध उभा राहतो. गाडीने कोणाला उडवलं तर हा वाद कागदाचा राहत नाही, घर विकायची वेळ येऊ शकते.

तिसरं ट्रॅकवाल्यांसाठी. आपल्या नेहमीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' वाचा. ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल यांना संरक्षण नाही. ट्रॅकवर भिंतीला लागली तर खर्च तुमचा, गाडी स्टॉक असली तरीही.

टॉर्कवेडा
कंपन्या एकाच इंजिनाच्या दोन ताकदी विकतात, फरक कित्येकदा सॉफ्टवेअरचाच असतो. मालकाला तेच करायची रीतसर सोय हवी: तपासणी, शुल्क, आरसीवर नोंद. सरसकट बंदी घातल्याने काम लपून होतं आणि भुरटे ट्यूनर पोसले जातात. माझी मागणी हीच आहे आणि ती मी सोडणार नाही.

कागदपत्र
मागणी रास्त आहे. तोवर कायदा आहे तो असा आहे.

ठाणेकर_एकगाडी
सगळं वाचलं. माझ्याकडे एकच गाडी आहे, १.० टर्बो मॅन्युअल, पाच वर्षं जुनी. रोज ठाणे-बीकेसी, सुट्टीत कोकण. डिसेंबरात मित्रांसोबत कोईम्बतूरला कारी स्पीडवेवर जायचं ठरलंय. बजेट एका रिमॅपएवढंच. काय करू?

वळणवाट
शॉकअब तपासा. पाच वर्षांच्या मुंबईच्या खड्ड्यांनंतर ते गेलेलेच असणार, बुशही. ते बदलले की गाडी नवी वाटते, आणि ट्रॅकवर चाक जमीन सोडत नाही. लोअरिंग स्प्रिंग घालू नका, सोसायटीच्या रॅम्पवर पोट घासेल. मग टायर, मग अलाइनमेंट. कारी २.१ किलोमीटरचा आहे, वळणं जवळजवळ, तिथे तुमचं इंजिन पुरून उरेल.

टॉर्कवेडा
शॉकअब आणि टायर आधी, हे मीही सांगेन. पुढच्या वर्षी पैसे जमले की इंटरकूलर आणि रिमॅप. कोकणात चार माणसं घेऊन कशेडीच्या जुन्या घाटाने चढाल तेव्हा मला आठवाल.

पाचवा_गिअर
रिमॅपला माझा विरोध कायम. ठाणेकर, जायच्या आठवड्यात डॉट ५.१ ऑइल भरून घ्या, नवं असताना त्याची मर्यादा २६० अंश, आणि डॉट ४ च्या गाडीला ते चालतं. पॅड किती उरलेत बघा, निम्म्याच्या खाली असतील तर बदला. नट टॉर्क रेंचने आवळा, दर सत्रानंतर पुन्हा तपासा. सत्र संपल्यावर गाडी उभी करून हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा. आणि परतीचे तेराशे किलोमीटर निघण्याआधी पेडल दाबून बघा. जरा जरी स्पंजसारखं वाटलं तर तिथेच ब्लीड करून (ब्रेक ऑइलमधली हवा काढून) घ्या, ठाण्याला येईपर्यंत थांबू नका.