पौल मुकाट होता म्हणे?

नगरची लेक:
काल इथे कोणीतरी चिंतन टाकलं: येशूचा संदेश गावोगाव सांगणाऱ्या प्रेषित पौलाने फटके खाल्ले, तुरुंग भोगला, पण चकार शब्द काढला नाही, विश्वासणाऱ्यानेही असंच मुकाट सोसावं. खाली आमेनची रांग. मला राहवत नाही. फिलिप्पै शहरात त्याला छड्या मारून पाय खोड्यात अडकवले, मध्यरात्री तो नि सोबती सीला गीतं गात होते, हे खरंच. पण सकाळी "आता जा" असा निरोप आला तेव्हा काय म्हणाला? आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता चारचौघांत मारलंत, आता स्वतः येऊन बाहेर काढा. अधिकारी आले की नाही विनवण्या करत? यरुशलेमेत चाबकासाठी बांधलं तेव्हा शताधिपतीला, म्हणजे शिपायांच्या नायकाला, कायदा त्यानेच विचारला: रोमी माणसाला चौकशीविना फटके मारता येतात का? सुभेदार फेलिक्सने लाचेच्या आशेने दोन वर्षं अडकवलं, त्याच्या जागी आलेला फेस्त खटल्यासाठी यरुशलेमेला न्यायला बघत होता, तर सरळ "मी कैसराजवळ न्याय मागतो", म्हणजे थेट रोमी सम्राटापुढे. हा मुकाट माणूस?

जुना सेवक:
ताई, हक्क सकाळी सांगितला. छड्या पडत होत्या तेव्हा का गप्प राहिला? भूकंपाने दारं उघडली तरी पळाला नाही, म्हणून तुरुंगाच्या नायकाचा जीव वाचला, त्याच रात्री सगळ्या घराचा बाप्तिस्मा झाला. आणि कैसर म्हणाल तर अग्रिप्पा राजाच म्हणतो, कैसराजवळ न्याय मागितला नसता तर हा सुटला असता. सुटका नकोच होती त्याला, रोममध्ये साक्ष द्यायची होती. पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीनदा तारू फुटलं, एकदा दगडमार. गाऱ्हाणं कुठे आहे त्यात? ज्या त्रासाला तो "शरीरातला काटा" म्हणतो, त्यासाठी प्रभूला तीनदा विनवलं, उत्तर आलं "माझी कृपा तुला पुरे", विषय संपला.

जालनेकर:
कैसराचं नाव घेऊ नका. तेच वचन तोंडावर ठेवून आमच्या चर्चच्या मंडळीतले दोन गट जागेसाठी कोर्टात गेले. करिंथच्या मंडळीला "भाऊ भावावर फिर्याद करतो?" असं विचारणाराही पौलच. रविवारी वेदीपाशी एकमेकांना सलामसुद्धा करत नाहीत.

नगरची लेक:
जागेचं नंतर बोलू. सेवकदादा, काट्यावर विषय संपत नाही. आईच्या पोटात सात महिने दुखत होतं. प्रार्थनेला येणाऱ्या बायका हेच वचन सांगून जायच्या. ती गरम पाण्याची पिशवी पदराखाली खोचून भाकरी थापायची, विचारलं की ओठ मिटून हसायची. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, फार उशीर केलात.

जालनेकर:
आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे, असं पौलानेच लिहिलंय ना? आणि "प्रिय वैद्य लूक" शेवटपर्यंत त्याच्याजवळ होता. वैद्य सोबत असणाऱ्याच्या नावाने लोकांना दवाखान्यापासून लांब ठेवतात!

जुना सेवक:
दवाखान्याला मी कधी नको म्हटलं? आईचं दुःख पुढे केलं की समोरच्याने तोंडच उघडायचं नाही का? माझा उजवा पाय साखरेमुळे गुडघ्याखाली कापलाय. डॉक्टरांनीच कापला, इन्सुलिन रोज घेतो. पण रात्री दोन वाजता नसलेल्या पावलाला कळ येते, अंगठा पिरगळल्यासारखी. त्यावर गोळी चालत नाही. तेव्हा मी उशीला पाठ लावून ते एकच वचन म्हणत बसतो. ते खोटं आहे असं मला सांगू नका.

नगरची लेक:
खोटं नाहीच, दादा. तुमच्या पायाचं मला माहीत नव्हतं. पण ते वचन तुम्ही स्वतःला म्हणता. पौलालाही ते प्रभूने सांगितलं, करिंथच्या मंडळीने नाही. माझ्या आईला ते धडधाकट बायकांनी सांगितलं.

जुना सेवक:
हे मान्य करावं लागेल. प्रार्थनेला जातो तिथे मीही सांगत आलोय. पण त्या चिंतनाचा गाभा मी सोडत नाही. सोसण्यातही साक्ष आहे.

नगरची लेक:
आहे ना. पण पौलाचं तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र शेवटपर्यंत वाचा. तो लिहितो: आलेक्सांद्र तांबटाने फार वाईट केलं, पहिल्या जबाबाला माझ्या बाजूला कोणी उभं राहिलं नाही, त्रोवस गावात कार्पाकडे राहिलेला झगा आण, हिवाळ्याआधी ये.

जुना सेवक:
झगा मागणं म्हणजे तक्रार नव्हे.

नगरची लेक:
नव्हेच. मागणंच आहे. आईला तेवढंही मागता आलं नाही.