बाबांना दालनात ओरडून मागे केलं. आमचं नक्की काय चुकलं?

दुसरी_फेरी

गेल्या रविवारी बाबांना एका मोठ्या कलासंग्रहालयात घेऊन गेले होते. नाव लिहीत नाही, एका माणसावरून सगळ्या संस्थेला नावं ठेवायची नाहीत.

बाबा ७४ वर्षांचे. आयुष्यभर हाताने नकाशे काढले. त्यामुळे चित्र समोर आलं की आधी ते रेघ बघतात. कुठे हात थांबलाय, कुठे परत उचललाय, सगळं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण मंद उजेडात बारीक अक्षर अजूनही लागत नाही.

सुरुवातीलाच पिशवी ठेवायला लावली. ठीक. पहिल्या दालनात फोटो काढू दिले आणि दुसऱ्यात फोन बाहेर काढताच मनाई केली. पाटी शोधली तर ती दाराच्या मागच्या बाजूला. तेही सोडून दिलं. मग जलरंगांचं दालन आलं. उजेड अगदी कमी. एका नदीच्या चित्राखालचं लेबल वाचायला बाबा वाकले. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले, ही त्यांची जुनी सवय. तेवढ्यात दारातून आवाज आला, "ओ आजोबा, मागे व्हा! हात लावायचा नाही!" सगळं दालन वळून बघायला लागलं.

बाबा "हो हो, चुकलं" म्हणाले आणि मागे सरकले. पुढच्या दोन दालनांत ते खोलीच्या मधोमध नुसते उभे राहिले, एकाही चित्रापाशी गेले नाहीत. शेवटी बाकावर बसले आणि म्हणाले, "तू बघून ये, मी आहे इथे." ते वाक्य मला अजून टोचतंय.

किती अंतर ठेवायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आमचं खरंच चुकलं का? तक्रार करावी का? आणि मुख्य म्हणजे बाबांना परत कसं नेऊ? ते आता नकोच म्हणतात.

चौथं_दालन

ताई, मी ११ वर्षं एका संग्रहालयात दालन सांभाळायचं काम केलं. तुमच्या बाबांचं काही चुकलं नाही. त्यांना मागे व्हायला सांगणं बरोबर होतं, दारातून ओरडणं चूक होतं.

तिथे उभं राहिल्यावर काय दिसतं ते सांगतो. बहुतेक वेळा एका माणसाकडे दोन दालनं असतात, म्हणून तो मधल्या दारात उभा राहतो. तिथून चित्रं बाजूने दिसतात, आणि बाजूने बघताना कपाळ आणि काच यांच्यात चार बोटं आहेत की वीतभर, ते कळत नाही. पाठीमागे बांधलेले हातही दिसत नाहीत. माणूस वाकला की काळजात धस्स होतं.

पण म्हणूनच ओरडू नये. माझ्या पहिल्या वर्षी मी असाच दारातून ओरडलो आणि त्या बाई दचकून आणखी पुढेच झुकल्या. थोडक्यात वाचलं. आमच्या वरिष्ठांनी त्या दिवशी शिकवलं ते मी शेवटपर्यंत पाळलं: चालत जा, समोरून किंवा बाजूने, त्यांना तू येताना दिसायला हवास, आणि पहिलं वाक्य मनाईचं नको. मी विचारायचो, "लेबल वाचून दाखवू का?" माणूस आपोआप सरळ उभा राहतो. पुष्कळदा गप्पा सुरू व्हायच्या.

उजेडाचं कारण कोणी सांगितलं नसेल. कागदावरच्या चित्रांना साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड देतात, तैलचित्रांना २०० च्या आसपास चालतो. जलरंग उजेडाने उडतात, आणि झालेलं नुकसान साठत जातं, कधीच भरून येत नाही. म्हणून अशी चित्रं काही महिने लावून पुन्हा अंधाऱ्या कपाटात ठेवतात. लेबलही त्याच मंद उजेडात वाचावं लागतं, ही मात्र संग्रहालयाची चूक. अक्षर मोठं करायला कोणी अडवलेलं नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीत विशेष प्रदर्शनांसाठी मोठ्या अक्षरांतली लेबलं मिळतात.

फोटोंचं म्हणाल, तर दुसऱ्या दालनातली चित्रं बहुधा उसनी आणलेली असणार. मालकाने करारात फोटोंना नकार दिला की संग्रहालयाचा नाइलाज असतो. पण मग पाटी दाराच्या पुढच्या बाजूला हवी.

तक्रार जरूर करा. वेळ आणि दालन लिहा. त्या माणसाला काढा म्हणून नका लिहू, त्याला शिकवा म्हणून लिहा. या कामात माणूस दिवसभर उभा असतो आणि त्याच्याशी बोलतात ते बहुतेक स्वच्छतागृह कुठे आहे एवढं विचारायला. २०२२ मध्ये बाल्टिमोरच्या कलासंग्रहालयाने आपल्या १७ सुरक्षारक्षकांनाच चित्रं निवडून प्रदर्शन मांडायला सांगितलं होतं. ती बातमी वाचली तेव्हा मी नोकरी सोडली होती, तरी फार बरं वाटलं. चित्रांसमोर सगळ्यात जास्त वेळ आम्हीच असतो.

दोन_हात_लांब

मला वाईट वाटलं वाचून, पण मी त्या रक्षकाच्या बाजूने आहे. नुकसान करणारे सगळे वेडे किंवा वाईट नसतात. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये चित्रकलेच्या वर्गाला आलेल्या एका बाईंचा तोल गेला आणि पिकासोच्या 'द ॲक्टर' या चित्राला सुमारे १५ सेंटिमीटरची चीर गेली. २००६ मध्ये केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये एक गृहस्थ जिन्यावर अडखळले आणि चिनी बनावटीच्या तीन मोठ्या फुलदाण्या फुटल्या. दोघांचाही हेतू वाईट नव्हता. वाकलेल्या वयस्कर माणसाचा तोल गेला असता तर? आवाज चढला, मान्य. पण त्याला विचार करायला एक क्षणच मिळाला असेल.

शिसपेन्सिल

मी महिन्यातून दोनदा संग्रहालयात बसून रेखाटनं करते, त्यामुळे नियमांशी चांगली ओळख आहे. बाबांना परत न्यायचं असेल तर एक उपाय खात्रीचा आहे: एका डोळ्याची छोटी दुर्बीण, मोनोक्युलर. घेताना जवळचा फोकस तपासा. पुष्कळ दुर्बिणींना तीन-चार मीटरच्या आत स्पष्ट दिसत नाही. एक-दीड मीटरवरचं दिसेल अशी घ्या. मग दोरीच्या अलीकडे उभं राहून कुंचल्याचे केससुद्धा दिसतात. नकाशे काढणाऱ्या माणसाला तर हे फारच आवडेल.

मोबाइलचा टॉर्च चुकूनही लावू नका. कामाच्या दिवशी सकाळी उघडताना जा. आणि वही-पेन्सिल द्या त्यांना. बहुतेक ठिकाणी शाई चालत नाही, शिसपेन्सिल चालते, कारण शाईचा डाग निघत नाही. ॲमस्टरडॅमच्या राइक्समुझियमने तर २०१५ मध्ये फोटो काढण्यापेक्षा चित्र काढा अशी मोहीमच केली, येणाऱ्यांना वही-पेन्सिल दिली. हातात वही असली की कर्मचाऱ्यांची नजरही बदलते, हा माझा अनुभव.

दुसरी_फेरी

सगळ्यांचे मनापासून आभार. @दोन_हात_लांब, तोल जाण्याचा मुद्दा मी बाबांना सांगितला. त्यांना तो पटला, माझ्यापेक्षा लवकर.

तक्रार लिहिली, चौथं_दालन यांनी सांगितलं तशी. उत्तर अजून आलेलं नाही. पण फोनवर चौकशी केली तेव्हा कळलं की मोठ्या अक्षरांतल्या लेबलांची पुस्तिका चौकशी खिडकीवर ठेवलेली असते. मागितली तरच देतात! त्यावर वेगळं पत्र लिहिणार आहे.

बुधवारी सकाळी परत गेलो. बाबा तयार झाले ते दुर्बिणीसाठी, हे खरं. जलरंगांच्या दालनात या वेळी एक तरुण मुलगी होती. बाबा त्याच नदीसमोर वीस मिनिटं उभे होते, दोन पावलं मागे. मग मला म्हणाले, "काठाची रेघ काढलेलीच नाही बघ. कागद कोरा सोडलाय, दोन्ही बाजूंनी रंग आणून थांबवलाय." ती मुलगी ऐकत होती. ती जवळ आली आणि विचारलं, "कुठे काका?" बाबांनी तिला दुर्बीण दिली. दोन वर्षं ती त्या चित्रासमोर उभी राहते आहे, तिला ते दिसलं नव्हतं म्हणाली.

निघताना बाबांनी तिला विचारलं, हे चित्र कपाटात कधी जाणार. पुढच्या महिन्याच्या शेवटी, ती म्हणाली. त्याआधी आणखी एकदा जायचं ठरलंय.