शब्दचर्चा : कॅन्टोनीजमध्ये लेखी शब्द बोलताना चालतात का?

प्रश्न : हाँगकाँगला आल्यापासून कॅन्टोनीज शिकतेय. गाण्यांत 'तो'साठी 'था' ऐकू येतं, ऑफिसात मात्र सगळे 'खोय' म्हणतात. मी 'था' म्हटलं तर जास्त शुद्ध वाटेल ना?

उत्तर : बोलताना नको. 'था' शुद्ध नाही, लेखी आहे. आपण 'केले' लिहितो नि 'केलं' म्हणतो, पण तिथे अख्खा शब्दच बदलतो. 'आहे' बोलीत 'है', लेखी 'सी'. नकाराला 'म्', लेखी 'पत'. पाहण्याला 'थै', लेखी 'होन'. (आवाजाचे चढउतार देवनागरीत दाखवता येत नाहीत, ते ऐकूनच शिका.) हाँगकाँगची मुलं शाळेत मँडरिनच्या, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेच्या, वळणाचं चिनी लिहायला शिकतात आणि त्यातली अक्षरं कॅन्टोनीज उच्चारांनी वाचतात. गाणीही बहुतेक त्याच भाषेत लिहिलेली असतात. म्हणून गप्पांत 'सी', 'था' आलं की तुम्ही कागदावरून वाचताय असं वाटतं.

पण लेखी म्हणजे जुनं, भारदस्त असं समजू नका. मला ही भाषा आवडते ती इथेच! खाण्याला रोजच्या बोलण्यात 'सिक', पिण्याला 'यम'. हे दोन्ही थेट अभिजात चिनीतले शब्द, आणि डिमसम (चहासोबतचे छोटे खाद्यपदार्थ) खायला निघालेलं कुटुंब सहज 'यम छा' म्हणतं, म्हणजे चहा प्यायला. उलट लेखी 'हेक' (खाणे) आणि 'होत' (पिणे) यांची अक्षरं मँडरिनमध्ये अगदी घरगुती आहेत. तिकडचं स्वयंपाकघरातलं क्रियापद इकडे पुस्तकी होतं.

आणखी एक उत्तर : खरोखरच अभिजात शब्द ऐकायचा असेल तर एमटीआरच्या (हाँगकाँगच्या मेट्रोच्या) डब्यात कान द्या : 'छिङ मत खाउ कन छे मुन', दारांपासून दूर राहा. यातला 'मत' म्हणजे 'नको'. हिंदीच्या 'मत'शी जुळतो तो निव्वळ योगायोग, पण लक्षात चांगला राहतो. घरात मुलाला दटावताना कोणी 'मत' म्हणणार नाही, तिथे 'म् होउ'.

प्रश्न : आणि एकाच अक्षराचे दोन उच्चार ऐकते, 'मेङ' आणि 'मिङ'. त्यातला लेखी कुठला?

उत्तर : 'मिङ' लेखी मजकूर वाचण्याच्या परंपरेतला, 'मेङ' बोलीतला. पण निवड आपल्या हाती नसते, शब्दागणिक ठरलेलं असतं. 'वाचवा!' म्हणजे 'कौ मेङ', 'जीवन' म्हणजे 'सङ मिङ'. अक्षर तेच. त्यामुळे सुटं अक्षर घोकू नका, अख्खा शब्द पाठ करा.