मदत हवी आहे: लेकीच्या एअर रायफलला लाकडी स्टॉक घ्यावा की सिंथेटिक? (मुंबईचा पावसाळा धरून सांगा)

खिळेजुळारी

नमस्कार मंडळी,

मुलगी आठवीत आहे. पॅरिस ऑलिम्पिकला स्वप्नील कुसळेचं ब्राँझ आलं त्या ऑगस्टपासून हिच्या डोक्यात रायफल घुसली. आम्हाला वाटलं गणपतीपर्यंत उतरेल. नाही उतरली. शनिवार-रविवार न चुकता रेंजवर जाते. आतापर्यंत क्लबची रायफल वापरली, आता सर म्हणतात स्वतःची घ्या. सध्या शालेय स्पर्धा, तीही ओपन साइटमध्ये (म्हणजे भिंग-दुर्बीण नाही, नुसत्या खाचेतून नेम). त्यामुळे ०.१७७ कॅलिबरची (नळीचं भोक, इंचात), बॅरल म्हणजे नळी दुमडून स्प्रिंग ताणायची साधी स्प्रिंगवाली पुरे.

फोर्टातल्या एका दुकानात एकाच मॉडेलच्या दोन रायफली दाखवल्या. आतलं यंत्र तेच, एकीला लाकडी स्टॉक (नळी ज्यावर बसते आणि जो खांद्याला लावतात तो दांडा), दुसरीला काळा सिंथेटिक, म्हणजे प्लास्टिकचा. लाकडी थोडी महाग. फरक काय विचारलं तर "दोन्ही सेम आहे साहेब, लूकचा प्रश्न." लेकीला लाकडीच हवी. का, तर गालाला बरं वाटतं.

माझी भीती वेगळी आहे. तीस वर्षं छापखान्यात काढली. जुलैत कागद लाटा मारायला लागतो, चार रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत, अख्खा दिवस मशीन जुळवण्यात जातो. कागद म्हणजे शेवटी लाकूडच. त्यात आम्ही भांडुपला, तळमजला, एका भिंतीला कायम ओल. बाथरूमचं दार जूनमध्ये खांदा लावल्याशिवाय लागत नाही.

शिवाय गेल्या पावसाळ्यात क्लबच्या लाकडी रायफलचे सगळे छर्रे अचानक दोन बोटं डावीकडे जायला लागले. ही रडकुंडीला आली. सरांनी पेचकस घेऊन पुढचा एक स्क्रू आवळला आणि गाडी रुळावर आली. मग हे विकतचं दुखणं घ्यायचंच कशाला?

मुलगी डावखुरी आहे, रायफल मात्र उजव्या खांद्याला लावते. त्याने काही फरक पडतो का? आणि लोकलने न्यायची आहे, परवान्याचं काय?

थ्री_नॉट_थ्री

लाकडीच घ्या. एनसीसीत आमच्या हाती .२२ आली तीही लाकडी, आणि थ्री नॉट थ्रीने तर आख्खी महायुद्धं चिखलात काढली. तुमची भांडुपची ओल तिच्यापुढे काय! महिन्यातून एकदा जवसाचं तेल तळहाताने चोळायचं, संपला विषय.

बटाटावडा_डबल

आमच्या वेळी बेचकी होती. स्टॉक पेरूच्या झाडाचा. कधी तक्रार नाही.

दहाची_रिंग

खिळेजुळारी, आधी सरळ प्रश्नांची उत्तरं. कॅलिबर ०.१७७ पर्यंत आणि ताकद २० जूलच्या आत असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. तरी बिल आणि क्लबचं कार्ड बरोबर ठेवा, रायफल रिकामी आणि बंद कव्हरमध्ये. लोकलच्या डब्यात कव्हर उघडून कुणाला दाखवायची नाही, हे मुलीला बजावून सांगा.

आता स्टॉक. थ्री नॉट थ्री काकांचं बरोबर आहे, पण अर्धंच. ती रायफल एकदा मागे धक्का देते. स्प्रिंगवाली दोनदा हलते: पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते, तो टोकाला आदळला की पुढे जाते. छर्रा अजून बॅरलमध्ये असताना हे सगळं चालू असतं. म्हणून या रायफलचे स्क्रू सैल होतात, लाकडी असो वा प्लास्टिक. क्लबात जे झालं त्यात पावसाचा हात असेलही: लाकूड फुगतं, स्क्रूच्या डोक्याखाली दबतं, कोरडी हवा आली की आक्रसतं आणि स्क्रूला पकड राहत नाही. पण न आवळलेला स्क्रू हा मुख्य गुन्हेगार.

सिंथेटिकला ओलाव्याचं सोयरसुतक फारसं नाही, हे खरं. पण स्वस्तातल्या स्टॉकची बट, म्हणजे खांद्याकडचा मागचा भाग, आतून पोकळ असते. बोटाने टकटक करून बघा, डबा वाजवल्यासारखा आवाज येतो. चाप ओढला की स्प्रिंगची झणझण त्यात घुमते आणि ती थेट गालाच्या हाडाला कळते. तुमच्या मुलीला "बरं वाटतं" ते यामुळे, तिला हसू नका. बट हलकी म्हणून तोलही पुढे जातो. आणि ऑक्टोबरच्या घामात गुळगुळीत प्लास्टिक हातातून सरकतं ते वेगळंच.

कुसळेचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशन, .२२ ची रायफल, तिचा स्टॉक इंचाइंचाला जुळवता येतो. तो बघून तुलना करू नका. तुमच्या दोन्ही पर्यायांत जुळवाजुळव शून्य, म्हणून लांबी आत्ताच बघा. रायफल खांद्याला लावून चापापर्यंत बोट आरामात पोचतंय का? कोपर ताणावं लागत असेल तर मटेरियल कुठलंही असो, ती रायफल तिची नाही.

डावखुरेपणाचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, मी तो पहिला विचारला असता. हात नाही, डोळा महत्त्वाचा. तिला दोन्ही हात लांब करून अंगठे आणि तर्जन्या जुळवून मधे छोटा त्रिकोण करायला सांगा. त्यातून दोन्ही डोळे उघडे ठेवून भिंतीवरचं घड्याळ बघायचं. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने घड्याळ जागेवर राहतं तो तिचा नेमाचा डोळा. डावा निघाला तर रायफल डाव्या खांद्यावर जाईल, आणि मग स्टॉकवर गालासाठी उंचवटा फक्त एकाच बाजूला कोरलाय का, ते बघावं लागेल.

खिळेजुळारी

ताई, आत्ताच केलं. उजवा! तीनदा करून घेतलं, बायकोचंही केलं (डावा निघाला, आता ती म्हणते मलाही रेंजवर न्या). म्हणजे उजवा खांदा ठीक.

परत दुकानात जाऊन टकटक केली. सिंथेटिक खरंच डब्यासारखी वाजते. भाजीचा ताणकाटा घेऊन गेलो होतो, दुकानदार बघतच राहिला. लाकडी पाऊण किलोने जड. मुलीला झेपेल?

दहाची_रिंग

पाऊण किलो म्हणजे पाण्याची मोठी बाटली. सुरुवातीला दंड भरून येतील. पण तीच रायफल उडीही कमी मारेल. दुकानातच तीन-चार मिनिटं निशाण्यावर धरायला लावा. हात थरथरायला लागला आणि ती मागे वाकून तोल सावरायला लागली, तर हलकी घ्या, अट्टहास नको.

रंधा

फर्निचरवाला बोलतोय, बंदुकीतलं काही कळत नाही. लाकूड कोणतं ते विचारा. बीच असेल तर ते ओलाव्याला चांगलंच हलतं, अक्रोड त्यामानाने शांत. साग सगळ्यात शहाणा, पण तो या कामाला वापरलेला मी पाहिला नाही.

बाहेरची चमक बघून फसू नका. पाणी शिरतं ते पॉलिश नसलेल्या जागेतून. मागचं रबर काढा, आत बहुतेक कोरं लाकूड दिसेल, आडवं कापलेलं. तिथून ते स्पंजासारखं ओलावा पितं. स्क्रूची भोकं आणि बॅरलखालची खाचही तशीच. पीयू पॉलिशचे दोन-तीन पातळ हात द्या, मधे पूर्ण वाळू द्या. हे मे महिन्यातच करा, जुलैत केलंत तर ओल आत कोंडाल.

जवसाचं तेल पातळच लावा, आणि तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ढिगात तो आपोआप तापतो आणि पेट घेतो. आमच्या वर्कशॉपमध्ये झालंय. दोरीवर पसरून वाळत घाला.

थ्री_नॉट_थ्री

बोळ्याचं माहीत नव्हतं. आयुष्यभर चुरगाळून टाकले.

दहाची_रिंग

रंधा यांचं वाचून एक राहिलेलं सांगते. पावसात घरी आल्यावर रायफल कव्हरमध्ये ठेवायची नाही. आतला फोम ओल धरून ठेवतो आणि स्टॉकच्या आधी बॅरल गंजतं. पुसून, तेलाचा हात फिरवून कपाटात, शेजारी सिलिका जेल, आणि कपाटाला कुलूप. दर शनिवारी सगळे स्क्रू बघायचे. आवळून झाल्यावर डोक्यापासून लाकडापर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला.

खिळेजुळारी

मंडळी, लाकडी घेतली. लेकीने चार मिनिटं धरली, पाचव्या मिनिटाला दुकानदारच म्हणाला ठेवा आता. बीचच आहे. रबर काढलं तर रंधा म्हणाले तसंच, आत पांढरंफटक कोरं लाकूड आणि त्यावर पेन्सिलीने लिहिलेला कुणाचा तरी आकडा. त्याच्यावर पॉलिश मारायला जीव होईना, पण मारलं. तीन हात दिले.

रेघ लेकीने तिच्या जांभळ्या नेलपॉलिशने ओढली. काल दोनशे छर्रे झाले. पुढच्या डाव्या स्क्रूची रेघ तांदळाच्या दाण्याएवढी सरकलीय, बाकीच्या जागेवर. हे नवीन रायफलला चालतं का?

दहाची_रिंग

चालतं, लाकूड बसतंय. आवळा, पण पेचकस दोन बोटांत धरून, मूठ लावून नाही. मग जुनी रेघ पुसून नवी ओढा.