शेवट आधी लिहून घेतल्याशिवाय इस्रायल-पॅलेस्टाईन शांतता होणार नाही

शिरीष_वाई (धागाकर्ता)

ऑक्टोबर २०२५ मध्ये गाझात युद्धविराम झाला, जिवंत असलेले शेवटचे वीस ओलीस घरी आले आणि ‘आता तरी शांतता होईल का’ ही चर्चा पुन्हा सुरू झाली. माझं मत स्पष्ट आहे. आधी थोडं करू, मोठं नंतर बघू, ही पद्धतच तिथे प्रत्येक वेळी घात करते.

इजिप्तचं उदाहरण घ्या. १९७८ मध्ये अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला इस्रायलचे पंतप्रधान बेगिन आणि इजिप्तचे अध्यक्ष सादात यांनी शेवट आधी ठरवला: इस्रायलने १९६७ मध्ये घेतलेला सगळा सिनाई परत, बदल्यात पूर्ण शांतता. बेगिन काही मवाळ नव्हते. तरी एप्रिल १९८२ मध्ये यामित ही सिनाईत वसवलेली इस्रायली वसाहत त्यांच्याच सैन्याने रिकामी केली. छतांवर चढून बसलेल्या आपल्याच माणसांना सैनिकांनी खाली उतरवलं आणि घरं जमीनदोस्त केली. त्याच्या सहा महिने आधी सादात यांची हत्या झाली होती. तरी करार टिकला, आजही टिकून आहे.

इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेत्यांच्या ओस्लो करारात (१९९३) उलट झालं. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सीमा हे सगळं पुढे ढकललं. मधली पाच वर्षं मिळाली ती करार मोडू पाहणाऱ्यांना. फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत एका ज्यू वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेने बसगाड्यांत बॉम्ब उडवले. नोव्हेंबर १९९५ मध्ये करार करणारे इस्रायली पंतप्रधान राबिन यांना एका ज्यू तरुणाने मारलं. आणि या सगळ्यात वसाहती वाढतच राहिल्या. जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्यावर (वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम सोडून) १९९३ ला सव्वा लाखाच्या आत असलेले वसाहतवाले आज पाच लाखांच्या घरात आहेत. मुक्कामाचं ठिकाण न सांगता लोकांना चालायला लावलं, तर ते किती चालणार?

रणजित_ठाणे

अजिबात पटलं नाही. २००५ मध्ये पंतप्रधान शेरॉन यांनी गाझातल्या २१ वसाहती उठवल्या, आठेक हजार माणसं घराबाहेर काढली. पुढे काय? २००६ ची निवडणूक हमासने जिंकली, २००७ मध्ये बंदुकीच्या जोरावर गाझा ताब्यात घेतला आणि रॉकेटं सुरूच राहिली. गाझाच्या सीमेजवळच्या स्देरोत या इस्रायली गावात भोंगा वाजल्यावर आडोसा गाठायला पंधरा सेकंद मिळतात. तिथले बसथांबे काँक्रीटच्या जाड भिंतींचे आहेत. मुलांच्या बागेत सुरवंटाच्या आकाराचे रंगवलेले बोगदे आहेत, तेही मुलांनी खेळता खेळता आत पळावं म्हणून. आपल्या लेकरांसाठी असली बाग कोणाला बांधावी लागली तर तो कोणत्या कागदावर विश्वास ठेवेल?

आणि शेवट देऊ केला नव्हता असं कसं म्हणता? इस्रायलच्या पंतप्रधानांनी, २००० मध्ये बराक यांनी, २००८ मध्ये ओल्मर्ट यांनी दिला होता. दोन्ही वेळा समोरून होकार आला नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसं मारली गेली, २५१ पळवून नेली. आधी सुरक्षेची हमी, मग नकाशा.

शिरीष_वाई

रणजित, स्देरोतबद्दल तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे. पण गाझातून माघार हा करार नव्हताच. शेरॉन यांनी ती एकतर्फी घेतली. पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बास यांच्याशी बोलून ती झाली असती तर ‘वाटाघाटीतून जमीन मिळते’ हे त्यांना आपल्या लोकांना दाखवता आलं असतं. ‘आमच्या बंदुकीमुळे ते पळाले’ असं सांगायला हमास मोकळी राहिली. ओल्मर्ट यांनी नकाशा दाखवला, पण प्रत हातात दिली नाही. अब्बास यांनी तो नंतर कागदावर हाताने काढला. ओल्मर्ट तेव्हा भ्रष्टाचाराच्या चौकशीत अडकून पायउतार व्हायच्या वाटेवर होते. याला मी लिहून दिलेला शेवट म्हणत नाही.

मृण्मयी_नागपूर

तुम्ही दोघंही पुढाऱ्यांच्या बैठकांवर बोलताय. नकाशा काढायला जमीन उरली आहे का ते बघा. पश्चिम किनाऱ्याचा सुमारे ६० टक्के भाग ‘क’ विभागात, म्हणजे पूर्ण इस्रायली ताब्यात आहे. एकाच रस्त्यावर एकच गुन्हा दोघांनी केला तर वसाहतवाल्यावर नागरी न्यायालयात खटला चालतो, पॅलेस्टिनी माणसावर लष्करी न्यायालयात. बेथलेहेमच्या नाक्यावर मजूर पहाटे तीन-चारपासून लोखंडी फिरत्या दारांपुढे रांग लावायचे. ७ ऑक्टोबरनंतर बहुतेकांचे परवाने बंद झाले आणि त्या जागी भारतातून, हरियाणा-उत्तर प्रदेशातून, सेंट्रिंग, गिलावा आणि लाद्या बसवणारे कामगार नेले. म्हणजे आपणही या गोष्टीतून बाहेर नाही.

गाझात तिथल्या आरोग्य खात्याच्या नोंदीप्रमाणे साठ हजारांहून जास्त माणसं मेली आहेत, त्यात हजारो मुलं. त्यांच्या सुरक्षेची हमी कोण मागणार, रणजित? जुलै २०२४ मध्ये इस्रायलच्या संसदेने पॅलेस्टिनी राज्याविरुद्ध ६८ विरुद्ध ९ मतांनी ठराव केला. ऑगस्ट २०२५ मध्ये जेरुसलेमच्या पूर्वेला ई-१ भागात सुमारे ३,४०० घरांना मंजुरी मिळाली. दोन राज्यांचा शेवट कुठल्या जागेवर लिहिणार? आज तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला समान मत आणि समान कायदा, ही मागणी जास्त प्रामाणिक आहे.

रेवदंडा_अश्दोद

मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू समाज. आमची अर्धी मंडळी इस्रायलमधल्या अश्दोदला आहेत, घरात अजून मराठी बोलतात. मृण्मयीताई, समान मताचं एकच राज्य हे तिथल्या ज्यूंना आपलं राज्य संपणं वाटतं. आम्ही कोकणातून गेलो ते छळामुळे नाही, पण आमच्या शेजारी इराक, येमेन, मोरोक्कोहून आलेली कुटुंबं आहेत. त्यांतल्या अनेकांना परत जायला जागा नाही. ही भीती खोटी नाही, तिला बाजूला सारून काही होणार नाही.

पण रणजित, समोरून होकार आला नाही म्हणून बोलायलाच कुणी नाही, असं मात्र माझ्याच्याने म्हणवत नाही. गाझाजवळच्या बेएरी किबुत्झमध्ये (सामूहिक वस्तीत) राहणाऱ्या विव्हियन सिल्व्हर गाझातल्या आजारी माणसांना इस्रायली इस्पितळात पोहोचवायला मदत करायच्या. ७ ऑक्टोबरला त्यांनाच मारलं. त्यांचा मुलगा आज आईचंच काम पुढे नेतो आहे. दोन्हीकडच्या शोकग्रस्त कुटुंबांची संस्था १९९५ पासून टिकून आहे. ज्यांनी सगळ्यात जास्त गमावलं ते बोलत असतील तर आपण इथे बसून दार बंद का करायचं?

रणजित_ठाणे

विव्हियन सिल्व्हर यांच्याबद्दल पूर्ण आदर. पण पॅलेस्टिनींच्या वतीने सही कोण करणार? अब्बास जानेवारी २००५ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले, त्यानंतर अध्यक्षपदाची निवडणूकच नाही.

शिरीष_वाई

हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. निवडणूक व्हायलाच हवी. पॅलेस्टिनी नेते मरवान बरघूती २००२ पासून इस्रायलच्या तुरुंगात आहेत, पाच जन्मठेपा आहेत, खुनांचे आरोप सिद्ध झाले आहेत. तरी पाहण्यांमध्ये लोक त्यांचं नाव वर ठेवतात. २०११ मध्ये हमासने पकडलेल्या एका सैनिकासाठी इस्रायलने हजारावर कैदी सोडले, त्यात ७ ऑक्टोबरच्या हल्ल्याचा सूत्रधार सिनवारही होता. मग लोकांवर वजन असलेला, दोन राज्यं मान्य करणारा माणूस आत का? शेवटाचा मसुदाही तयार आहे: २००२ चा अरब लीगचा बैरूत प्रस्ताव, १९६७ च्या युद्धाआधीच्या सीमा आणि बदल्यात सगळ्या अरब देशांशी संबंध. इस्रायलच्या एकाही सरकारने तो वाटाघाटीचा पाया म्हणून स्वीकारला नाही.

मृण्मयी_नागपूर

मग तुमच्या शेवटाला एक अट जोडा. मसुदा जाहीर होईल त्याच दिवसापासून वसाहतींचं बांधकाम बंद, ई-१ सकट. ओस्लोच्या करारात ही अट नव्हती. ती मान्य करणारं सरकार तिथे आलं, तर मी एका राज्याचा आग्रह सोडून तुमच्या बाजूने बोलेन.