पाप देवाने सोडले, पण वाट्याचे पैसे कोणी सोडले?

खारा वारा

गेल्या महिन्यात वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या वाडीत प्रार्थनासभा होती. तिथे एका गृहस्थांनी साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्याला कसे बदलले ते सगळ्यांपुढे सांगितले. तीस वर्षांपूर्वी आमच्या रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्याची, वाट्यांची वही त्यांच्याकडे असायची. माझी आते लग्नानंतर सहा वर्षांत विधवा झाली. आमच्या रापणीत नवरा गेला तरी बाईचा वाटा बंद होत नसे, जाळ्याचा तुकडा तिच्या नावावर राही. सात हंगाम तिचा वाटा वहीत चढला आणि घरी आला नाही. पुढे रापणच मोडली. गृहस्थ दारूत बुडाले, मग त्यातून सुटले, प्रार्थनेला जाऊ लागले. माणूस खरोखर बदलला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. साक्ष देताना ते रडले. "मी विधवेचा घास खाल्ला, पण येशूच्या रक्ताने माझे सगळे पाप धुतले गेले, आता माझ्यावर काही देणे उरले नाही," असे म्हणाले.

आते मागे बसली होती. घरी येताना एवढेच बोलली, "माजे पैसे पण धुवान गेले काय रे?"

तेव्हापासून मला चैन नाही. आम्ही कॅथलिक, ते आता विश्वासी म्हणवणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळीत जातात. पण हा पंथांचा वाद नाही. माझे म्हणणे सरळ आहे: देवाने क्षमा केली म्हणजे शेजाऱ्याचे देणे फिटले, असे बायबल कुठेही सांगत नाही. बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचा सहावा अध्याय काढून बघा. शेजाऱ्याला ज्याने लुबाडले त्याने ती वस्तू पुरी परत करायची, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि मग दोषार्पणाचा मेंढा घेऊन याजकाकडे जायचे. आधी शेजारी, मग वेदी. येशूनेही डोंगरावरच्या प्रवचनात हाच क्रम ठेवला. अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. येशूच्या खुरिसावरच्या, म्हणजे वधस्तंभावरच्या, बलिदानाने हा क्रम रद्द झाला का? मला वाटते, नाही झाला.

विश्वासी

भाऊ, तुमच्या आतेचे दुःख खरे आहे आणि त्या माणसाने पैसे द्यायलाच हवेत. पण तुम्ही जो क्रम मांडता तो सुवार्तेच्या उलटा आहे. आधी फेड, मग क्षमा, असे असेल तर ती क्षमा नव्हे, पावती झाली. इफिसकरांस पत्रात प्रेषित पौल म्हणतो की तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, कोणी बढाई मारू नये म्हणून. येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराने कोणाचे काय परत केले? हात खिळलेले होते. तरी त्याला ऐकू आले, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.

कर्जमाफीचे उदाहरण घ्या. शेतकऱ्याचे कर्ज माफ होते तेव्हा ते हवेत विरत नाही. बँकेचे पैसे कोणीतरी भरतो. पापाचेही तसेच. इब्रीकरांस पत्र म्हणते, रक्त ओतल्यावाचून क्षमा नाही. जे मला कधीच भरता आले नसते ते त्याने भरले. हे ज्याला कळले तो रडणारच. त्या माणसाचे रडणे खोटे मानू नका.

खारा वारा

रडणे खोटे नाही, तसे मी म्हटलेलेही नाही. पण तुमच्याच उदाहरणात बँकेला पैसे मिळतात हो. इथे बँक माझी आते आहे. तिला कोणी काय भरले?

देवगडकर

मी हिंदू आहे, म्हणून बाहेरून विचारतो, चुकल्यास सांभाळून घ्या. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणे घालताना, काही चूकभूल झाली असेल तर पदरात घे, असे आम्हीही म्हणतो. पण जाणूनबुजून कोणाचा वाटा खाल्ला तर गाऱ्हाण्याने ते मिटते असे माझ्या आजोबांनी कधी शिकवले नाही. करावे तसे भरावे, आणि ज्याने केले त्यानेच भरावे.

माझी अडचण पैशांच्या आधीची आहे. निष्पापाने दोषीच्या जागी मरायचे आणि न्याय पुरा झाला म्हणायचे, हा कसला न्याय? तुमच्याच यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट आहे की मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही, जो पाप करील तोच मरेल. मग एका माणसाने सगळ्यांचे पाप कसे वाहिले? माझ्या गुन्ह्यासाठी माझा धाकटा भाऊ तुरुंगात गेला तर न्यायाधीश समाधानी होईल, पण माझे मन समाधानी होईल का?

वसईचा शिक्षक

देवगडकर, प्रश्न जुना आहे आणि चर्चच्या आतूनही तो विचारला गेला आहे. मी धर्मशिक्षणाचे वर्ग घेतो, दर वर्षी उपासकाळात एखादे तरी पोर हेच विचारते.

मराठीत घोटाळा शब्दापासून सुरू होतो. प्रायश्चित्त हा शब्द आपण धर्मशास्त्रातून घेतला. तिथे प्रायश्चित्त पाप करणारा स्वतः घेतो: उपास, दान, तीर्थ. मराठी बायबलने लेवीय पुस्तकात हाच शब्द योजला आणि योहानाच्या पहिल्या पत्रातही ख्रिस्ताबद्दल हाच. म्हणजे शब्द तोच राहिला, पण करणारा बदलला. माणूस देवापुढे जे करायचा ते इथे देव माणसासाठी करतो. वर आम्ही कॅथलिक पापनिवेदनानंतर पाद्री जे करायला सांगतात त्यालाही प्रायश्चित्तच म्हणतो. एका शब्दाच्या पोटात तीन गोष्टी बसल्या आहेत, आणि आपण एकमेकांशी भांडतो.

आता निष्पापाने का मरायचे? पहिल्या हजार वर्षांत बहुतेक ख्रिस्ती लेखक कोर्टाची भाषा बोलतच नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर गुलामांची सुटका होती. मार्काच्या दहाव्या अध्यायात येशू स्वतः म्हणतो की मी पुष्कळांसाठी खंडणी म्हणून प्राण द्यायला आलो. मृत्यूच्या ताब्यातले कैदी सोडवायला राजा स्वतः कैदेत शिरला, असे ते चित्र होते. पुढे कँटरबरीचे आर्चबिशप अन्सेल्म यांनी १०९८ मध्ये पुरा केलेल्या ग्रंथात वेगळी मांडणी केली. त्यांचा काळ सरंजामदारांचा. आपल्याकडच्या खोत आणि कुळांवरून ते पटकन समजते. कुळाने खोताचा मान मोडला, तर नुसते पुन्हा वेळेवर मक्ता देऊन भागत नाही, मोडलेला मान भरून द्यावा लागतो. देवाचा मान अमर्याद, म्हणून भरपाईही अमर्याद हवी. ती द्यायला पाहिजे माणसाने आणि देऊ शकतो फक्त देव. म्हणून देव माणूस झाला. लगेचच पुढच्या पिढीत फ्रान्समधले धर्मपंडित अबेलार यांचा भर निराळ्या ठिकाणी आला: खुरिसावर देवाचे प्रेम दिसते आणि त्या प्रेमाने माणूस आतून पालटतो. न्यायालय, शिक्षा आणि शिक्षा दुसऱ्याने भोगणे, ही भाषा सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनकडे ठळक झाली, आणि ते कायदा शिकलेले होते.

यांतल्या एकाच मांडणीवर सगळ्या चर्चने कधी शिक्का मारलेला नाही. चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या निकेयाच्या प्राचीन श्रद्धासूत्रात एवढेच आहे की आम्हां मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी. कसे, ते सूत्र सांगत नाही. आणि धाकट्या भावाचे तुमचे उदाहरण एका ठिकाणी अपुरे पडते. आमच्या श्रद्धेत ख्रिस्त हा मध्येच पकडून आणलेला तिसरा माणूस नाही. ज्याचा अपराध झाला तोच देव नुकसान स्वतःच्या अंगावर घेतो.

देवगडकर

हे शेवटचे वाक्य मला नवे आहे. ज्याचे नुकसान झाले त्यानेच ते सोसायचे ठरवले, तर त्याला क्षमा म्हणता येईल, हे कबूल. पण मग आतेचे नुकसान देवाने परस्पर सोसले कसे? ते तिचे होते. ती तयार आहे का, हे तिला विचारले कोणी?

नागावकर

अलिबागकडचा आहे. आमच्या शेजारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, कुटुंब होते, आता इस्राएलला गेले. त्यांचा योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, तोच दारफाळणीचा सण. दिवसभर कडक उपास, पांढरे कपडे, दार बंद. लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातले दोन बकरे, एक बळी जाणारा आणि एक सगळ्यांची पापे घेऊन रानात सुटणारा, ते याच दिवसाचे. मिश्नेत, म्हणजे ज्यूंच्या जुन्या नियमसंग्रहात, या दिवसाबद्दल एक नियम आहे: माणूस आणि देव यांच्यातली पापे हा दिवस मिटवतो; माणसामाणसांतली पापे तो मिटवत नाही, जोवर अपराधी त्या माणसाची समजूत काढत नाही. येशू ज्या परंपरेत वाढला ती ही. मला खारा वारा यांचा क्रम बरोबर वाटतो.

विश्वासी

दावीद राजाचे काय मग? आपल्याच सैनिकाच्या, उरियाच्या, बायकोला नेले, उरियाला मारवले, आणि एक्कावन्नाव्या स्तोत्रात तो म्हणतो की मी तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध पाप केले. प्रत्येक पाप शेवटी देवाविरुद्ध असते, म्हणून शेवटचा शब्दही देवाचाच.

रत्नागिरीची मुलगी

हे वाचून हात थरथरले म्हणून लिहिते.

केवळ तुझ्याविरुद्ध? उरिया मेला होता, तो हरकत घ्यायला उरला नव्हता. म्हणून तर नाथान संदेष्ट्याला दावीदाकडे जाऊन श्रीमंताने हिसकावलेल्या गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगावी लागली. आणि त्याने क्षमा सांगितली तेव्हा त्याच दमात पुढचे परिणामही सांगितले.

माझ्या घरी बाप दारू पिऊन आईला मारायचा. सकाळी देवाची क्षमा मागायचा, आणि ती त्याला रोज मिळायची. आईला सगळे सांगायचे, सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर. कोणी तिला लूकच्या सतराव्या अध्यायातले वाक्य वाचून दाखवले नाही: तुझ्या भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. दोष दाखव, हे आधी आहे. आमच्या घरात क्षमा हे आईला गप्प बसवण्याचे साधन झाले होते. त्यासाठी येशू मेला नाही, एवढे मला पक्के माहीत आहे. मी अजून प्रार्थना करते. पण कोणी साक्षीत माझे सगळे माफ झाले म्हणाला की मी आधी बघते, त्याच्या घरातली माणसे कुठे बसली आहेत.

वसईचा शिक्षक

ताई, तुमच्या लिहिण्यापुढे मला जास्त बोलवत नाही. फक्त एक नोंदवतो, कारण कुमसारात, म्हणजे पापनिवेदनात, पाद्रींनी हात वर केला की संपले, असे आमचे लोकही समजतात. पश्चात्ताप, पापनिवेदन आणि भरपाई, अशी पापी माणसाकडून तिन्हींची अपेक्षा आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक श्रद्धाग्रंथाचा १४५९ वा परिच्छेद सांगतो की पापमुक्तीने पाप जाते, पण पापाने केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेले परत करावे, ज्याची बदनामी केली त्याचे नाव सावरावे. साध्या न्यायाला एवढे लागतेच, असे तिथेच म्हटले आहे. विश्वासी बंधूंनाही हे परके वाटू नये. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने १५१७ मध्ये जे पंचाण्णव मुद्दे मांडले, त्यातल्या पहिल्याच मुद्द्यात म्हटले आहे की विश्वासणाऱ्याचे सगळे आयुष्य पश्चात्ताप असावे. एका संध्याकाळच्या साक्षीत मावणारी ही गोष्ट नव्हे.

विश्वासी

ताईंची माफी मागतो. ते स्तोत्र मी ज्या प्रकारे वापरले ते चुकले.

तरी कृपा आधी, हे मी सोडणार नाही, आणि त्याला कारण आहे. जक्कयाची गोष्ट बघा. जकातदार, लोकांना नागवून श्रीमंत झालेला. येशू त्याला झाडाखाली उभा राहून म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. आधी पैसे परत कर, मग येतो, असे म्हणाला नाही. पंगत आधी झाली. आणि मग जक्कय उभा राहून म्हणाला, ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट देतो. कोणी मागितले नव्हते. कृपा खरी पोहोचली की हात आपोआप खिशाकडे जातो. त्या माणसाचा गेला नाही, याचा अर्थ कृपा खोटी असा नाही. तिने त्याला अजून पुरते गाठलेले नाही, असा आहे. हे मी आमच्या मंडळीतही बोलणार आहे.

आणि एक सुचवतो. फिलेमोनाला लिहिताना पौल अनेसिम या दासाबद्दल म्हणतो, त्याने तुझे काही देणे असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन, हे मी स्वतःच्या हाताने लिहितो. तो माणूस आज गरीब आहे, मला कळते. मंडळीने वर्गणी काढून आतेचे सात हंगाम भरावेत का? ख्रिस्ताने आमचे भरले म्हणतो, तर भावाचे आम्ही भरायला नको?

खारा वारा

चौपट कोणीच मागत नाही. तुमचे हे सुचवणे वाचून मात्र मी थांबलो. क्रमाबद्दल मी इतका अडून होतो, जक्कयाची पंगत विसरलो होतो.

काल संध्याकाळी आतेकडे गेलो आणि तुमची वर्गणीची गोष्ट सांगितली. ती पडवीत बसून सुके बांगडे निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मंडळीचे पैसे नकोत, त्या पोरांनी माझे काय खाल्ले? मी विचारले, मग तो नुसताच आला, पैशांशिवाय, तर?

म्हणाली, "येवंदे. च्या ठेवतंय. पण वही घेवन येवंदे."